क्लच प्लेट चौदा हजारांची, बिल साडेसत्तावीस हजारांचे!

पेरणीच्या तोंडावर बैल लंगडला तर घरादाराचे काय हाल होतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. तोही नेमका पेरणीतच लंगडतो. फरक एवढाच, की गुरांचा डॉक्टर गोठ्यात येतो आणि ट्रॅक्टर मात्र आपल्यालाच ओढत शोरूमला न्यावा लागतो. मग तिथे जे बिल हातात पडते, ते पाहून घाम फुटतो.

मागच्या खरिपातली गोष्ट. आमच्या गणातले एक शेतकरी, त्यांना आपण तात्या म्हणू. त्यांचा ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर. पाऊस बरा झालेला, रानाला वाफसा आलेला. स्वतःची सहा एकर आणि शिवाय गावातल्या आठ-दहा जणांचे सोयाबीन बीबीएफ यंत्राने पेरून द्यायचे कबूल केलेले. अशा वेळी ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला की इंजिन नुसते गुरगुरायचे, गाडी काही ओढेना. क्लच प्लेट गेली होती. वॉरंटी संपून दोन वर्षे झाली होती. गावचा मिस्त्री म्हणाला, "तात्या, दोन दिवसांत करून देतो, फक्त माल तालुक्याहून आणून द्या." पण मुलाचे म्हणणे पडले, उगाच धोका नको, कंपनीच्याच शोरूमला नेऊ. नेला. सहा दिवस ट्रॅक्टर तिथे उभा राहिला, इकडे वाफसा निघून चालला. सातव्या दिवशी बिल झाले २७,५५० रुपये.

सोयाबीन त्यालाच घालायच्या बोलीवर तात्यांनी आडत्याकडून उचल घेतली. पैसे भरण्याआधी मात्र ते बिल घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, एवढं वाचून सांगा, पटंना झालंय."

आम्ही दोघांनी ओसरीवर बसून ते एकेक ओळ वाचले. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मिळून १४,२०० रुपये. मजुरी ६,५००. या कामासाठी ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो, तेव्हा मजुरी लागणारच. पण त्याखाली इंजिन ऑइल आणि फिल्टर ३,९००, नोझल सफाई १,८००, 'कन्झ्युमेबल्स' ६५०, धुलाई ५००. क्लचच्या दुखण्यात नोझलचा काय संबंध? आणि ऑइल तर तात्यांनी मिस्त्रीकडून बदलून घेतलेले. मिस्त्रीच्या वहीत तारीख आणि तासाच्या मीटरचा आकडा लिहिलेला होता. त्यावर ९० ताससुद्धा चाललेले नव्हते. त्यांच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ऑइल २५० तासांनी बदला असे लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूमला गेलो. मॅनेजर भला माणूस, चहा पाजला आणि जॉब कार्ड पुढे केले. त्यावर बारीक अक्षरात 'आवश्यक ती सर्व कामे' असे छापलेले आणि खाली तात्यांची सही. तिथे आमचे तोंडच बंद झाले. तरी बोलता बोलता नोझल सफाई आणि कन्झ्युमेबल्स मिळून २,४५० रुपये कमी केले. ऑइल इंजिनात पडलेले, जुने फेकलेले, ते काही परत येणार नव्हते. तात्यांनी २५,१०० रुपये मोजले.

शोरूम महाग का पडते?

इथे एक गोष्ट न्यायाने सांगतो. शोरूमवाले सगळेच लुबाडतात असे मी म्हणणार नाही. नव्या गाडीच्या विक्रीवर विक्रेत्याला फार उरत नाही, वर्कशॉप आणि सुट्या भागांवर त्याचा गाडा चालतो. जागेचे भाडे, शिकवलेली माणसे, महागडी हत्यारे यांचा भार मजुरीत येतो. बऱ्याच कंपन्यांत प्रत्येक कामाला किती तास धरायचे हे आधीच ठरलेले असते. काम लवकर उरकले तरी मजुरी ठरल्या तासांचीच लागते. हे समजून घेतले म्हणजे भांडण कशासाठी करायचे आणि कशासाठी नाही, हे कळते. मजुरीच्या दरावर हुज्जत घालण्यापेक्षा न सांगितलेले काम बिलात आले का, हे पाहण्यात जास्त पैसे वाचतात.

म्हणून ट्रॅक्टर आत सोडण्याआधी जॉब कार्डावर आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहा: 'फक्त क्लचचे काम. दुसरे काही निघाल्यास फोन करून विचारावे.' अंदाजे खर्च लेखी मागा. बदललेले जुने भाग पोत्यात घालून परत द्या, असे आधीच सांगून ठेवा. ही मागणी केली की निम्मी अनावश्यक कामे आपोआप गळतात, हा माझा अनुभव आहे. लाजू नका, पैसे आपले आहेत.

बिलात कराची ओळही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. मजुरी आणि ऑइलवर मात्र १८ टक्केच आहे. पाकिटावरच्या छापील किमतीत कर धरलेलाच असतो, त्यावर पुन्हा कर लावता येत नाही.

वॉरंटीत असलेल्या नव्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांनी आणि पुढच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणे शोरूमलाच करा, शिक्के मारून घ्या. चारशे रुपये वाचवायला बाहेर ऑइल बदलले आणि पुढे पंप गेला, तर कंपनी हात वर करते. वॉरंटी संपल्यावर ऑइल, फिल्टर, क्लच, ब्रेक ही कामे गावचा जाणता मिस्त्री नीट करतो. मात्र माल पक्क्या बिलाचा आणि अस्सल घ्या. निम्म्या किमतीची नकली क्लच प्लेट एका हंगामात जळाली, की ती शोरूमपेक्षा महाग पडते. आणि क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर हाकायची सवय मोडा! तात्यांच्या मुलाला ती होती, हेही सांगितले पाहिजे.

हे दुखणे मोटारगाडीवाल्यांचेही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, दोष शोधायची यंत्रे आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला द्यायची नाही, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. तो आदेश मोटारींपुरता होता, पण दुखणे आपल्याकडेही येत आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्या इंजिनांत सेन्सर आणि संगणक आला. कंपनीचा स्कॅनर नसेल, तर गावच्या मिस्त्रीने पाना घेऊन करायचे तरी काय? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. आपल्या केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारे आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. तिथे काही कंपन्यांची माहिती मिळते, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मोठा ट्रॅक्टर घेणाऱ्याने किंमत विचारताना हेही विचारावे, की जवळचा स्कॅनर कुठे आहे आणि एका वेळच्या तपासणीला किती पडतात.

फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिल, जॉब कार्ड आणि जुना भाग जपून ठेवलेला असला पाहिजे, नाहीतर नुसत्या तोंडी बोलण्यावर काय होणार?

ग्रामसेवक आणि सोसायटीच्या सचिवांना माझी एक विनंती आहे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. गावातली दोन होतकरू पोरे तिकडे पाठवा. ज्या गावात अवजारे बँक आहे, तिथे तर हे आधी व्हायला हवे होते.

तात्यांनी आता ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये शंभर पानी वही ठेवली आहे. तास, तारीख, काम, पैसे, सगळे मुलगा लिहितो. मी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत पंचायत समितीत असतो. ज्यांच्याकडे अशी न पटणारी बिले असतील, त्यांनी ती घेऊन यावे. जॉब कार्डही सोबत आणावे.