पाण्याने वसवलेली गावे

भंडारा जिल्ह्यात गाव कुठे वसेल हे बहुतांशी पाण्याने ठरवले. वैनगंगा जिल्ह्यातून साधारण उत्तर-दक्षिण वाहते आणि तिच्या खोऱ्यातल्या सपाट जमिनीवर गावे दाटीने वसली आहेत. उत्तरेला तुमसर तालुक्यात सातपुड्याचे डोंगर, पूर्वेला कोका-नागझिऱ्याचे जंगल लागले की वस्ती विरळ होते. भाताला सपाट जमीन आणि साचलेले पाणी लागते; भात पिकवणारा शेतकरी अशा जमिनीजवळच घर बांधतो.

नदीकाठी जुनी शहरे उभी राहिली. वैनगंगेच्या काठावरील पवनी हे प्राचीन बौद्ध केंद्र. १९६९-७० च्या उत्खननात तिथे स्तूपाचे अवशेष सापडले. भंडारा शहरही याच नदीवर आहे. मात्र नदी पोसते तशी बुडवतेही. ऑगस्ट २०२० च्या पुरात शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते.

नदीपासून दूर असलेली गावे तलावांनी वसवली. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मध्येच उघडीप पडली की धान करपते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यावर तोड काढली. उताराची जमीन हेरून मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचे आणि तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या दारातून, पाटाने खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त वाफ्यांत, सोडायचे. एका बांधीतले पाणी दुसरीत, दुसरीतले तिसरीत उतरते. चिखलात रोवणी होते. घरे उंचवट्यावर, तलाव जवळ आणि धानाची शेते खाली, अशी मांडणी गावोगाव दिसते. तलावातून मासे मिळाले म्हणून मासेमारी करणारी ढिवर कुटुंबेही गावात स्थिरावली. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यामुळेच.

पुढे इतर कारणांनीही वस्ती हलली. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीज सापडल्याने डोंगरकुशीत खाणकामगारांची वस्ती झाली. रेल्वेमार्ग भंडारा शहरापासून दूर गेल्याने वरठीला स्थानकाभोवती गाव वाढले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाने याच्या उलट घडवले. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाच्या पाण्याखाली नदीकाठची अनेक गावे गेली आणि तिथल्या लोकांना नव्या गावठाणांत जावे लागले.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे १२ लाख लोकांपैकी ८० टक्के खेड्यांत राहतात. पण या खेड्यांचे तलाव ज्या जमीनदारांकडे होते त्यांची मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ ठरले. देखरेख सुटल्याने त्यांतले कित्येक गाळाने भरले. ते उपसणे हे केवळ सिंचनाचे काम नाही. ज्या पाण्याने गाव वसवले, ते राखले तरच गाव टिकेल.