खंबाटकीपलीकडची बिअर

सातारा-सांगलीकडे मटण कुठल्या खानावळीत खायचं यावर तासभर वाद रंगतो. चटणी कुणाच्या घरची, रस्सा पातळ की दाटसर, भाकरी ज्वारीची की बाजरीची, प्रत्येकाचं प्रत्येक बाबतीत मत असतं. बिअर मागवताना मात्र एकच चौकशी: गार आहे ना? जिभेचे एवढे चोचले असलेल्या मुलखात ही बेफिकिरी कुठून आली आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती कितपत मोडली, हे बघण्यासारखं आहे.

मुळाशी कायदा आहे. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिणं हा परवान्याचा विषय केला. पुढे बंदी सैल झाली, परवाना राहिला. आजही कागदावर बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. परमिट रूम उभी राहिली ती आडोशाची जागा म्हणून. काळ्या काचा, मंद दिवे, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. तिथला क्रम ठरलेला: आधी बाटली, तिच्याबरोबर खारे शेंगदाणे, मसाला पापड, सांगलीकडे कांदा-कोथिंबीर टाकलेलं भडंग. बाटल्या रिकाम्या झाल्या की वेटर विचारणार, ‘जेवण लावू का?’ मग ताट. बिअर आणि रस्सा एका टेबलावर एका वेळी फारसे आलेच नाहीत, तर कशाबरोबर काय चांगलं लागतं हा प्रश्न पडणार कुणाला?

त्यात बाटलीतला माल एकसुरी. महाराष्ट्रात पाच टक्क्यांच्या वरची आणि आठ टक्क्यांपर्यंतची बिअर ‘स्ट्राँग’. गावोगावच्या बिअर शॉपीत हिचाच खप, कारण हिशोब सरळ असतो: तेवढ्याच पैशात जास्त चढते. चव हा त्या हिशोबातला रकानाच नाही. आणि बिअर दातांना कळ लागेल इतकी गार असली की चव कळतही नाही. ती तशीच पिण्यात शहाणपण होतं म्हणायचं.

पेय आणि जेवण यांची सांगड घालायचा पहिला सरकारी घाट द्राक्षांच्या निमित्तानं घातला गेला. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिकजवळ विंचूरला तसा सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाला. तासगाव-पलूस पट्ट्यातल्या बागायतदाराला बेदाण्याखेरीज आणखी एक वाट मिळेल असा विचार होता. नाशिकनं वाइनभोवती पर्यटन आणि खाणं उभं केलं. पलूसचा सुरुवातीचा जोश ओसरला. माझ्या मते यात द्राक्षाचा दोष कमी. इथल्या तिखटापुढे कोरडी रेड वाइन तुरट लागते आणि चार पैसे जास्त मोजून तुरट प्यायला कोण जाणार?

खरी हालचाल झाली ती खंबाटकी घाटापलीकडे. 2009 साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांची ही मायक्रोब्रुअरी देशातल्या सुरुवातीच्या काहींपैकी एक. ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रुअर तिथं बिअर बनवायचा. मग ‘इंडिपेंडन्स’, ‘एफिंगट’, ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ अशी रांग लागली. या ठिकाणी पहिल्यांदा गहू घातलेली, भाजक्या माल्टची काळी, कडवट हॉप्सची अशा निरनिराळ्या बिअर एका फळीवर ओळीनं मांडून समोर आल्या, आणि खाणंही सोबतच. क्रम मोडला तो इथं. साताऱ्या-कराडची, इस्लामपूर-विट्याची जी पोरं हिंजवडीत आणि खराडीत नोकरीला होती, त्यांनी शनिवारच्या गाडीतून ही सवय गावाकडे आणली. 2015मध्ये ‘बिरा’ बाटलीत आली, तेव्हा धणे आणि संत्र्याच्या सालीच्या वासाची गव्हाची बिअर पुण्याबाहेरही हाती लागू लागली. एखादा काका पहिला घोट घेऊन ‘हे सरबत कशाला?’ म्हणालाच, तरी बाटली त्यानं परत दिल्याचं कुणी पाहिलं नाही.

2016चा उन्हाळा मात्र बिअरबद्दल गोड बोलायचा नव्हता. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. कृष्णेचं पाणी टँकरच्या डब्यांतून मराठवाड्यात गेलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिथल्या मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. एक लिटर बिअरमागे कारखान्यात कित्येक लिटर पाणी जातं, ही गोष्ट तेव्हा बिअर न पिणाऱ्यांनाही पाठ झाली. वर्षभरात दुसरा दणका बसला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 1 एप्रिल 2017पासून लागू झाला. पुणे-बंगळूर रस्त्यावर शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत ज्यांचा धंदा या रस्त्यावरच चालायचा, त्यांचे बोर्ड झाकले गेले. काहींनी निव्वळ जेवणावर हॉटेल तारून दाखवलं. पुढे लहान गावांसाठी आणि शहर हद्दीसाठी अट सैल झाली.

विरोधाची धार इथं नेहमीच तीव्र राहिली आहे, आणि ती उगाच नाही. मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला मतं देऊन बायकांनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडायचं, ही तरतूद याच राज्यातली. जानेवारी 2022मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा व्यसनमुक्त युवक संघाचे बंडातात्या कराडकर साताऱ्यात रस्त्यावर उतरले. निर्णय पुढे अडकून पडला. ज्या घरात मजुरी दुकानातच संपते, त्या घरात बिअर आणि भाकरीची जोडी ही चेष्टा वाटते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी चवीचं म्हणून जे हाती लागलं ते सांगायला हवं.

कांदा-लसूण चटणीचा झणझणीत रस्सा घ्या. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यानं धुतलं जात नाही आणि बिअरइतक्या अल्कोहोलनंही फारसं हलत नाही; उलट अल्कोहोल आणि फसफस दोन्ही जळजळ वाढवतात. हॉप्सचा कडवटपणा त्यावर आणखी चढतो. म्हणून स्ट्राँग बिअर तिखटाबरोबर घशात पेटते आणि फॅशन म्हणून मागवलेली कडवट आयपीए (इंडिया पेल एल) तर जेवणच नासवते. गव्हाची बिअर मात्र जमते. कडवटपणा कमी, अंगात गोडसरपणा, आणि जर्मन धाटणीची असेल तर तिच्या यीस्टमधूनच लवंगेसारखा वास येतो. रस्स्यात खडा मसाला असतोच, त्यामुळे दोघांची ओळख लगेच पटते. सुक्या मटणाची गोष्ट वेगळी. त्यात खोबरं आणि कांदा तव्यावर करपण्याच्या बेताला येईपर्यंत भाजलेले असतात; भट्टीत भाजलेल्या माल्टची तांबूस एल त्याच भाजण्याच्या कुळातली. अळणी रस्सा आधी वाटीनं प्यावा, त्याबरोबर काहीच घेऊ नये. भडंगाला साधी, हलकी, गार लागर. तिथं जुन्या मंडळींचं बरोबर होतं.

जोडी जमवण्यात सगळ्यात अनपेक्षित निघाला साताऱ्याचा कंदी पेढा. म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईस्तोवर भाजतात, म्हणून त्याची गोडी कॅरॅमलकडे झुकलेली असते. कॉफीसारखी काळी स्टाउट त्याच्याबरोबर घेतली तर पेढा कमी गोड आणि बिअर कमी कडू लागते. मात्र मिठाईच्या दुकानातून पेढे आणताना कशासाठी हे सांगू नये.

रांधताना बिअर वापरायची तर भजी सोपी. कांदाभज्यांच्या पिठात पाण्याऐवजी गार लागर घातली, वर मूठभर तांदळाचं पीठ टाकलं आणि फेस जायच्या आत तळली, की वायूमुळे आणि झटकन उडणाऱ्या अल्कोहोलमुळे कुरकुरीत होतात. शिजवण्यात खोडी जास्त. कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवून उकडावा आणि कांद्याचा मसाला परतल्यावर त्यात पेलाभर काळी किंवा तांबूस बिअर ओतावी. रस आटतो तसा कडवटपणा घट्ट होत जातो, म्हणून जास्त हॉप्सची बिअर घेऊ नये आणि शेवटी गुळाचा खडा सोडावा. अल्कोहोल शिजताना सगळं उडतं हा समज खोटा आहे. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे 40 टक्के आणि तासाभरानं 25 टक्के उरलं होतं. पाच टक्क्यांवर यायला अडीच तास लागले. पानावर मुलं किंवा न घेणारे पाहुणे असतील तर हा बेत रद्द.

कच्चा मालही इथं आहे. महाबळेश्वरच्या मधाला आता दुसरं गिऱ्हाईक मिळू शकतं: पुण्यात 2018च्या सुमारास ‘मूनशाइन’नं मधापासून मीड बनवायला सुरुवात केली आणि मधाची दारू मराठी माणसाच्या कानावर आली. 2022मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. ज्वारीचं गाडं मात्र अडलेलं दिसतं. माण, खटाव, जत ही ज्वारीची रानं. ज्वारीची आंबील इथं घरोघरी आंबवली जाते. ज्वारीची बिअर होतच नाही असंही नाही: नायजेरियानं 1988मध्ये बार्लीची आयात थांबवली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीची बिअर करून दाखवली. अडचण तांत्रिक आहे: ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुगतो आणि त्याची साखर करणारी विकरं ज्वारीच्या माल्टमध्ये कमी असतात, त्यामुळे बाहेरून विकर घालावं लागतं किंवा बार्ली मिसळावी लागते. पुण्यातल्या काही ब्रुअरींनी भरडधान्यं घालून पाहिली आहेत, पण ती चवीपुरती. बार्ली राजस्थान-हरियाणातून येते, हॉप्स बहुतेक परदेशातून, आणि जतची मालदांडी ज्वारी भाकरीसाठी पुण्याच्या बाजारात चढ्या भावानं विकली जाते. तो भाव बघता ती बिअरच्या टाकीत कुणी ओतेल असं सध्या तरी दिसत नाही.