पाइप जाड, म्हणून पाया पक्का?

पोलादी पाइपच्या पाइलचा, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या पायाच्या खांबांचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘मजले वाढवायचेत ना, मग पाइप जाड घ्या.’ सोबत अशीही समजूत असते की बिल्डिंग कोडमध्ये मजल्यांनुसार पाइपच्या मापांचा तक्ता दिलेला असतो.

असा तक्ता नसतो. अमेरिकेतला इंटरनॅशनल बिल्डिंग कोड पाइपच्या बाहेरच्या व्यासाची किमान मर्यादा ८ इंच ठेवतो. जमिनीचा सविस्तर तपास आणि भारचाचणी यांचा आधार नसेल, तर पोलादावरचा ताण त्याच्या यील्ड ताकदीच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते त्याच्या) ३५ टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाही. पण ही झाली पोलादाची मर्यादा. पाइलवरचा भार शेवटी पेलायचा असतो मातीला, आणि घोळ नेमका इथेच होतो.

हिशेबच करून पाहावा. पावणेनऊ इंचांहून थोडा कमी व्यास, जेमतेम ८ मिलिमीटर जाडी, साधे पोलाद: ३५ टक्क्यांच्या मर्यादेतही असा पाइप सुमारे ४६ टन पेलतो. तोच १५ मीटर मऊ चिकणमातीत ठोकला, माती त्याला दर चौरस मीटरला अडीच टनांनी धरते असे मानले आणि टोकाखालचा आधार सोडून दिला, तर अंतिम क्षमता येते सुमारे २६ टन. सुरक्षिततेसाठी त्याच्या निम्मीच वापरायची, म्हणजे १३ टन. आता जाडी दुप्पट करा. पोलादाची ताकद जवळजवळ दुप्पट होईल, मातीची पकड मात्र तसूभरही वाढणार नाही. खर्च तेवढा वाढेल! त्याच मातीत पाइल ३० मीटर नेली, तर मात्र १३ चे २६ टन होतात.

बांगलादेशातल्या पद्मा पुलाने हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या नदीतल्या खांबांखाली ३ मीटर व्यासाच्या, सुमारे १२० मीटर लांबीच्या तिरक्या पोलादी पाइल आहेत. काम सुरू असताना काही ठिकाणी खोलवर चिकणमातीचे थर लागले. तेव्हा २२ खांबांचे आराखडे बदलून सहाऐवजी सात पाइल दिल्या गेल्या. व्यास होता तेवढाच राहिला.

पद्मेच्या या पाइल खडकाला टेकलेल्या नाहीत, गाळाच्या जमिनीतच उभ्या आहेत. तेव्हा ‘खडक लागलाच पाहिजे’ हाही नियम नव्हे. उलट, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मिलेनियम टॉवर या उंच इमारतीखाली वाळूच्या थराखालची जुनी चिकणमाती दबत गेली, म्हणून तिथे नंतर १८ पोलादी पाइल खडकापर्यंत न्याव्या लागल्या. तो निर्णय तिथल्या मातीने घ्यायला लावला.

‘जमिनीत पोलाद गंजून संपते’ ही भीतीही सरसकट खरी नाही. मेल्विन रोमॅनॉफ यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्ससाठी केलेल्या अभ्यासात न हलवलेल्या नैसर्गिक मातीतल्या पाइलवर गंज नगण्य आढळला. भरावात आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र तो खरोखर घातक ठरू शकतो. तिथे जादा जाडी किंवा लेप यांसारखे संरक्षण हवे.

आणि हातोड्याचे ठोके मोजून क्षमता ठरवणारे सूत्र? त्याच्या भरवशावर इंटरनॅशनल बिल्डिंग कोड एका पाइलला ४० अमेरिकी टनांपेक्षा, म्हणजे सुमारे ३६ मेट्रिक टनांपेक्षा, जास्त भार देऊ देत नाही.