सुरुवातीच्या गाण्याला गुण कसे द्यायचे?

आजचा विषय वरवर साधा आहे. नुकतंच गाणं शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याची पारख कशी करायची? सातारा-सांगलीकडे गायनवर्ग चालवणाऱ्या आम्हां मंडळींना दर वर्षी एप्रिल आणि नोव्हेंबरच्या तोंडावर हा प्रश्न गाठतोच. पालक विचारतात, "सर, पोरगं पास होईल ना?" आम्ही "होईल की" म्हणतो. पण पास होणं आणि गाता येणं या दोन गोष्टी नेहमी एकच असतात का, ते आज पाहू.

आधी ही परीक्षा आली कुठून ते बघू. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडचा, आणि शिक्षण मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्या काळी गुरूच्या घरी राहून शिकायचं. गुण, प्रमाणपत्र असलं काही नव्हतं. बुवांनी मागे तंबोऱ्याला बसवलं, की समजायचं आपण पास झालो! पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्ग, पुस्तकं, स्वरलिपी, टप्प्याटप्प्याच्या परीक्षा अशी घडी बसवली. गाणं चार घरांतून बाहेर पडून सामान्य मुलामुलींपर्यंत पोचलं, त्यात या घडीचा वाटा मोठा आहे. 1931 मध्ये मिरजेतच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज आपल्याकडची बरीच मुलं बसतात.

यातल्या पहिल्या दोन परीक्षा, प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम, यांना लेखी पेपर नसतो. तो प्रवेशिका पूर्णपासून सुरू होतो. म्हणजे सुरुवातीला सगळी भिस्त गाण्यावर आणि तोंडी उत्तरांवर. बाहेरचे परीक्षक येतात, अलंकार म्हणायला लावतात, सरगमगीत आणि छोटा ख्याल ऐकतात, हातावर ताल धरायला सांगतात, रागाचे आरोह-अवरोह विचारतात. हे सगळं काही मिनिटांत. तेवढ्या वेळात पाठांतर चटकन दिसतं. कान मात्र दिसत नाही.

हे आम्हाला कसं कळलं ते सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती. भूपातलं सरगमगीत कुठेही न अडखळता म्हणायची. एक दिवस पेटीचा भाता फाटला, म्हणून नुसत्या तंबोऱ्यावर गायला सांगितलं. तिसऱ्या ओळीपर्यंत तिचा षड्ज खाली घसरला होता आणि ती मजेत पुढे गात होती. चूक तिची नव्हती हो! वर्षभर तिचा प्रत्येक स्वर आम्हीच पेटीवर सोबत वाजवत होतो. ती सुरात गात नव्हती, पेटीच्या मागून चालत होती. आणि आम्ही तिच्या वहीत 'उत्तम' लिहीत होतो.

तेव्हापासून आम्ही वर्गातली चाचणी बदलली. पहिली गोष्ट, चाचणीत पेटी बंद, तंबोरा चालू. विद्यार्थ्यानं पलटे म्हणून परत षड्जावर यायचं, मग आम्ही पेटीवर सा दाबतो. जुळला का, ते त्यानंच सांगायचं. दुसरी गोष्ट, चूक पकडायची. आम्ही भूप गाताना मुद्दाम मध्यम लावतो. भूपात म आणि नी नाहीत, हे तोंडी सगळेच सांगतात, पण कानाला मध्यम खटकून हात वर होतो का? तिसरी, ताल. तीनतालाच्या 16 मात्रा मोजता येणं ही पहिली पायरी. बंदिश खालीपासून, म्हणजे 9 व्या मात्रेपासून उठत असेल, तर हातावर ताल धरून ती नेमकी तिथे उचलता येते का, ते आम्ही बघतो. चौथी, मोबाईलवर महिन्यापूर्वीचं ध्वनिमुद्रण ऐकवायचं आणि विचारायचं, "काय सुधारलं? काय राहिलं?" तुलना शेजारच्याशी नाही, स्वतःशीच.

आता पट्टीचं बघा. आवाज फुटायच्या वयातला एक मुलगा आमच्याकडे आला. आधीच्या वर्गात सगळ्यांना काळी चारमध्येच गायला लावत. याचा आवाज उतरलेला, तो तिथे पोचेना. "तुला गळा नाही" असं ऐकून पोरानं दोन वर्षं गाणं टाकलं होतं. आम्ही त्याला पांढरी एकमध्ये बसवलं, तर सा लागला! म्हणून पारख ज्याच्या त्याच्या पट्टीतच व्हायला हवी. 'गळा नाही' हा शेरा देण्याआधी आपण पट्टी तपासली का, एवढं प्रत्येक शिक्षकानं स्वतःला विचारावं. त्या एका वाक्यानं माणूस जन्मभर गायचा थांबतो.

मग परीक्षा नकोत का? तसं नाही. परीक्षेच्या तारखेमुळे रियाज होतो, परक्या माणसासमोर गायचं धाडस येतं. आमचं म्हणणं एवढंच, की प्रमाणपत्र हा पारखीचा एक भाग आहे. दुसरा भाग वर्गात, रोज, कानानं व्हायचा असतो. सातारा जिल्ह्यात औंधला अंतूबुवा आणि गजाननबुवा जोशींच्या परंपरेतला संगीत महोत्सव होतो. तिथे मुलांना जरूर न्या. परतताना "कोण आवडलं?" असं विचारण्याऐवजी विचारा, "समेवर येताना तुला आधी कळलं का?" मूल "हो" म्हणालं, तर त्याचा कान तयार होतोय असं समजा.

पालकांनाही एक विनंती. निकालाच्या दिवशी गुण विचाराच, पण त्या आधी घरात एकदा नुसता तंबोरा लावा आणि म्हणा, "गा बघू." चुकलं तर लगेच टोकू नका. थोडं थांबा. मूल स्वतःच थबकलं आणि पुन्हा षड्ज शोधायला लागलं, तर आमच्या वहीत तो विद्यार्थी पास आहे.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.