डीएनए अचूक, पण मुद्देमालाचे काय?

डीएनए अहवाल हाती आला, की खटला जिंकल्यातच जमा आहे, असा समज पोलीस, प्रसारमाध्यमे आणि राज्यकर्ते या सर्वांमध्ये रूढ झाला आहे. राजधानीतील दोन खटले मात्र या समजाला छेद देतात.

पहिला १९९६ मधला. दिल्ली विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. आरोपी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेचा डीएनए अहवाल त्याच्या विरोधात गेला. परंतु नमुन्यांबाबत संशय व्यक्त करून सत्र न्यायालयाने तो नाकारला आणि डिसेंबर १९९९ मध्ये आरोपीची मुक्तता झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तोच अहवाल विश्वसनीय मानून त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली. मात्र फाशीऐवजी जन्मठेप दिली.

दुसरा खटला नेमका उलट दिशेने गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये छावला परिसरातून पळवून नेलेल्या तरुणीचा मृतदेह हरियाणात सापडला. डीएनए अहवालाचाही आधार घेऊन सत्र आणि उच्च अशा दोन्ही न्यायालयांनी तिघांना फाशी सुनावली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांचीही मुक्तता केली. १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीला प्रयोगशाळेत पाठवले गेले. तोवर ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यातच होते. त्यांत फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तज्ज्ञांनी कोणत्या आधारे निष्कर्ष काढला, याची तपासणी खालच्या दोन्ही न्यायालयांनी केली नव्हती, यावरही निकालात बोट ठेवण्यात आले. ठाणे जिल्ह्यातील एका बालिकेच्या २०१० मधील हत्येच्या खटल्यातही मे २०२३ मध्ये नमुने पाठवण्यातील दिरंगाई फाशी रद्द होण्याचे एक कारण ठरली.

या प्रकरणांत विज्ञान नापास झालेले नाही. घटनास्थळापासून प्रयोगशाळेपर्यंत नमुना कोणाच्या हाती होता, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. डीएनए जुळला, याचा अर्थ तो जैविक अंश त्या व्यक्तीचा असण्याची शक्यता अतिशय मोठी आहे, एवढाच. तो अंश तेथे केव्हा आणि कसा आला, हे चाचणी सांगत नाही. जर्मनीत अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच स्त्रीचा डीएनए आढळल्याने पोलिसांनी वर्षानुवर्षे तिचा शोध घेतला. नमुने टिपण्याचे बोळे कारखान्यातच दूषित झाले होते, हे २००९ मध्ये उघड झाले. गुन्हेगार म्हणून शोधली जाणारी ती स्त्री अस्तित्वातच नव्हती.

या पार्श्वभूमीवर संसदेचा प्राधान्यक्रम पाहण्यासारखा आहे. २००५ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या आरोपीच्या वैद्यकीय तपासणीत डीएनए नमुन्याची तरतूद झाली. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने १९२० चा जुना कायदा मोडीत काढून जैविक नमुने घेण्याचा आणि नोंदी ७५ वर्षे जपण्याचा अधिकार यंत्रणांना दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट बंधनकारक केली; मात्र अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली. नमुने घेण्याचे अधिकार असे टप्प्याटप्प्याने वाढत गेले.

नमुने तपासणाऱ्यांवर अंकुश ठेवणारा कायदा मात्र झालाच नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणारे नियामक मंडळ आणि डीएनए माहितीपेढ्या यांची तरतूद असलेले विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेने संमत केले, पण ते व्यपगत झाले. त्याच वर्षी ते पुन्हा मांडण्यात आले आणि जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीकडे गेले. समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतले. माहितीपेढीच्या गैरवापराबद्दल विरोधकांनी घेतलेले आक्षेप गंभीरच होते. परंतु विधेयकाबरोबर प्रयोगशाळांवरील वैधानिक देखरेखीचा प्रस्तावही बासनात गेला.

ही पोकळी न्यायालयाला भरावी लागली. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची मुक्तता करताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. त्यानुसार नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, तो कोणाच्या ताब्यात होता याची अखंड नोंद हवी आणि खटला प्रलंबित असताना न्यायालयाच्या परवानगीवाचून तो उघडता येणार नाही.

केंद्राने जून २०२४ मध्ये न्यायवैद्यक सुविधांच्या विस्तारासाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. प्रयोगशाळांची संख्या त्यातून वाढेलही. परंतु पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने मालखान्याची शिस्त राज्यांच्या गृहखात्यांवरच अवलंबून राहील. नमुना उशिरा पोहोचला म्हणून कोणत्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागेल, हे कायद्यात स्पष्ट होत नाही तोवर त्या हलगर्जीपणाची किंमत एकतर निरपराध आरोपी मोजेल किंवा न्यायाची वाट पाहणारे पीडितेचे आईवडील.