काळी टोपी, पिवळी दोरी : अमेरिकन घोडदळाच्या टोपीची गोष्ट



गेल्या गणेशोत्सवात आरतीला आपल्याच एका कुटुंबातला मुलगा आला होता. तो अमेरिकन सैन्यात, कॅव्हलरी स्क्वाड्रनमध्ये आहे. हातात रुंद काठाची काळी टोपी, तिच्याभोवती पिवळी दोरी आणि समोर पितळी आडव्या तलवारी. बालगोपाळांनी लगेच गराडा घातला, "दादा, तू काउबॉय आहेस का?" मोठ्यांच्या मनात मात्र वेगळेच प्रश्न होते. शिकलासवरलेला मुलगा, आणि सैन्यात? तेही इथल्या? त्याचे आजोबा भारतीय सैन्याच्या रणगाडा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. त्यांनी एकच विचारले, "ही टोपी विकत मिळते, की मिळवावी लागते?" नातू हसून म्हणाला, "दोन्ही, आजोबा."

या उत्तराचा अर्थ समजून घ्यायचा, तर थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकन सैन्याने 1851 मध्ये घोडदळासाठी एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तलवारींचे चिन्ह घेतले. 1855 मध्ये 'कॅव्हलरी' या नावाच्या पहिल्या रेजिमेंट उभ्या राहिल्या आणि पिवळा हा त्यांचा रंग ठरला. विजारीच्या कडेची पट्टी पिवळी, कोटाची किनार पिवळी. 1872 मध्ये तर समारंभासाठी पिवळ्या घोडकेसांचा तुरा असलेले शिरस्त्राणही आले. दिसायला झोकदार, पण उन्हातान्हात दिवसभर घोडा हाकणाऱ्या शिपायाला त्याचा काय उपयोग! यादवी युद्धात मिळणारी छोटी टोपी कान-मान उन्हात उघडी टाकायची, म्हणून कित्येक शिपाई पदरच्या पैशांनी रुंद काठाच्या टोप्या घेत. शेवटी सरकारनेही तशीच टोपी दिली. 1872 ची पहिली टोपी पावसात टिकेना, म्हणून 1876 मध्ये सुधारलेली काळी टोपी आली. थोडक्यात, ही टोपी ऐटीसाठी नव्हे, तर गरजेपोटी जन्मली.

पुढे 1898 च्या क्युबातील लढाईच्या सुमारास शिपाई टोपीचा माथा चारही बाजूंनी चिमटून घेऊ लागले, म्हणजे पावसाचे पाणी साचत नसे. 1911 मध्ये सैन्याने हाच आकार अधिकृत केला. ही टोपी आपण सर्वांनी पाहिली आहे बरं का! उन्हाळ्याच्या सुट्टीत यलोस्टोन किंवा योसेमिटीला गेलात, की रेंजरच्या डोक्यावर असते तीच. 1886 पासून 1918 पर्यंत यलोस्टोनची राखण घोडदळाने केली. 1903 मध्ये सिकोया उद्यानाची व्यवस्था नवव्या कॅव्हलरीचे कृष्णवर्णीय अधिकारी कॅप्टन चार्ल्स यंग यांच्याकडे होती. 1916 मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली, सैनिक परत गेले, टोपी मात्र मागे राहिली. हायवेवर आपल्याला थांबवणाऱ्या 'ट्रूपर'चे नावसुद्धा मूळचे घोडदळातलेच!

आणखी एक गंमत. या गणवेशात आपल्याकडचे शब्दही आहेत. 'खाकी' म्हणजे खाकेच्या, मातीच्या रंगाचे. हे कापड आधी हिंदुस्थानातल्या फौजेत रुळले आणि 1898 मध्ये अमेरिकन सैन्यात आले. पहिल्या महायुद्धात पोटरीला गुंडाळायची 'पुट्टी' म्हणजे आपली पट्टी. सिनेमातल्या घोडेस्वाराच्या गळ्यातला 'बंडाना' हा शब्दही आपल्या 'बांधणी'च्या कुळातला.

मग घोडे गेले. जानेवारी 1942 मध्ये फिलिपाइन्समधील मोरोंग येथे 26 व्या कॅव्हलरीने घोड्यांवरून चढाई केली. अमेरिकन सैन्याची ती शेवटची मानली जाते. 1950 मध्ये तर घोडदळ ही स्वतंत्र शाखाच कायद्याने संपली आणि रणगाड्यांच्या 'आर्मर' शाखेत विलीन झाली. पण 1964 मध्ये जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे लेफ्टनंट कर्नल जॉन स्टॉकटन यांनी 17 व्या कॅव्हलरीच्या आपल्या स्क्वाड्रनला जुन्या पद्धतीची काळी टोपी घालायला लावली. हेतू एकच, हेलिकॉप्टरमधून लढणाऱ्या जवानांना आपण कोणाचे वारस आहोत हे आठवावे. तिथून ही टोपी व्हिएतनामला गेली आणि मग बहुतेक कॅव्हलरी तुकड्यांत पसरली. आजही ती सैन्याच्या सर्वसाधारण गणवेशात नाही. ज्या त्या तुकडीच्या परवानगीने घालतात आणि स्वतःच्या पैशांनी घेतात. बुटाला लावायचे स्पर मात्र पैशांनी मिळत नाहीत. 'स्पर राइड' ही खडतर परीक्षा पार केली तर रुपेरी, आणि तुकडीबरोबर युद्धभूमीवर सेवा केली तर सोनेरी! म्हणून नातू म्हणाला, "दोन्ही."

आजोबांना हे समजावून सांगावे लागले नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येई. तिथे एकसारखा गणवेश नव्हता, ओळख निशाणाची. हीच शिलेदारीची पद्धत पुढे इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानी रिसाल्यांत 'सिल्लेदार' नावाने चालवली आणि डोक्यावरची पगडी-फेटाही ठेवला. जुलै 1916 मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे स्वार फेटे बांधून, भाले घेऊन उतरले होते. तीच डेक्कन हॉर्स सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरला अमेरिकन बनावटीचे शर्मन रणगाडे घेऊन लढली. कमांडिंग ऑफिसर होते आपले अरुणकुमार वैद्य, पुढे सरसेनापती झालेले. 1817 मध्ये उभी राहिलेली पूना हॉर्सही अशीच घोड्यांवरून रणगाड्यांवर आली. आता त्यांच्या डोक्यावर काळी बेरे टोपी असते, पण नावातला 'हॉर्स' कोणी काढलेला नाही.

त्या संध्याकाळी प्रसादाच्या टेबलावर दोन टोप्या शेजारी शेजारी होत्या. नातवाची काळी स्टेटसन आणि आजोबांनी घरून मुद्दाम मागवलेली काळी बेरे. देश दोन, सैन्ये दोन. मुलाच्या आईची काळजी काही गेली नाही, जायचीही नाही. पण आजोबांनी नातवाची टोपी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली, तेव्हा तिनेच फोटो काढला.

आणि आम्ही कार्यकारिणीतले? आम्ही मिरवणुकीसाठी भाड्याने आणलेले, इलॅस्टिकचे तयार फेटे घालून उभे होतो! खरे सांगायचे तर जरा ओशाळलो. म्हणून या वर्षी शिवजयंतीच्या आधी फेटा बांधायला शिकण्याचा एक शनिवार ठेवत आहोत. कापड मंडळाचे, शिकवणारे आजोबा. मुलामुलींना जरूर घेऊन या. पहिला फेटा सुटेल, दुसरा सैल होईल, तिसरा नक्की बसेल. टोपी असो वा फेटा, डोक्यावर चढण्याआधी थोडा घाम मागतोच!

लोभ असावा,
आपले संपादक मंडळ