पोस्टकार्डाचा न्याय आणि दवाखान्याची तार

ज्याला ब्रॉडबँड म्हणतात त्या विषयावर युनियनच्या माणसाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीलाच आटोपले. पुढचे सारे कामगारांच्या खोल्यांतून आणि संपाच्या मांडवांतून झाले. परंतु ज्या प्रश्नात मजुरी, खर्च आणि हक्क ही तिन्ही गुंतलेली आहेत, तो प्रश्न आम्ही आपलाच समजतो.

प्रथम एक जुनी गोष्ट. १८५४ पासून या देशात हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर झाला. अंतर कितीही असो. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. गिरणगावातला कामगार शेजारच्या पेठेत पत्र धाडो की कोकणातल्या आईला, किंमत तीच. प्रत्येक पत्राचा नफातोटा निराळा मोजला असता, तर डोंगरातल्या वाडीला टपाल मिळाले असते काय?

आज हाच न्याय दवाखान्याच्या तारेला लावायचा आहे. सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा नियम आहे. तेथे कायमचा डॉक्टर नसतो. म्हणून २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी योजनेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. योजना चांगली, पण तिचा सारा भार तारेवर. रुग्णाची जखम डॉक्टरांना स्वच्छ दिसायची, तर चित्र येथून तिकडे वेगाने गेले पाहिजे. चित्र मध्येच थिजले, तर रुग्णाला एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी गमावून तालुक्याला जावे लागते.

आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात गेलो होतो. तेथील परिचारिका माहिती भरण्यासाठी मागच्या टेकाडावर चढत होती. मोबाइलचे रिचार्ज तिच्याच पदरचे. सरकारी कामाचे अवजार कामगाराने स्वतःच्या पैशाने आणावे, हे कोणत्या गिरणीत चालले असते?

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. पैसा आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातून शेकडा ५ रुपये एका निधीसाठी घेतले जातात. २००२ पासून चालत आलेल्या या निधीला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. म्हणजे तुमच्याआमच्या मोबाइलच्या बिलातूनच तो भरतो. २०२३ मध्ये सुधारित भारतनेट योजनेस १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पण तार ग्रामपंचायतीपर्यंत आली म्हणजे उपकेंद्रात आली असे नव्हे. आणि तार आली तरी महिन्याचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशानेही हे ओळखले. तेथील १९९६ च्या कायद्याने ग्रामीण आरोग्यसेवेला अशा निधीतून मदत ठरवली. २०१२ साली आखलेल्या योजनेत पात्र दवाखान्याच्या ब्रॉडबँड खर्चातील शेकडा ६५ भाग निधी देतो, ३५ दवाखाना. लाभ फक्त सार्वजनिक वा बिननफ्याच्या संस्थांनाच. या निधीच्या वसुलीला न्यायालयात आव्हान दिले गेले; २०२५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

तेव्हा आमच्या मागण्या पाच. निधीतील ठरावीक हिस्सा ग्रामीण आरोग्यासाठी राखावा. तार टाकण्याच्या खर्चाबरोबर दरमहाचे बिलही द्यावे. धर्मादाय दवाखान्यांना यात घ्यावे, नफेबाजांना नव्हे. बिघाड ठरल्या मुदतीत दुरुस्त न झाल्यास कंपनीला दंड व्हावा. आणि आशा व परिचारिकांच्या मोबाइलचा खर्च सरकारने सोसावा.

कोणी म्हणेल, “आधी डॉक्टर द्या, मग तार.” आक्षेप रास्त आहे. तार इंजेक्शन देत नाही, बाळंतपण करीत नाही. तार दिली म्हणून डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवण्याची सबब सरकारला मिळता कामा नये. परंतु भाकरी आणि पाणी यांत आधी काय, असा वाद भुकेल्यापुढे घालू नये. त्याला दोन्ही हवीत.

शहरात राहणाऱ्या आपणांस ही तार सहज मिळाली आहे. तिच्या बिलातला थोडा अंश खेड्यातल्या दवाखान्यासाठी जातो, तो नीट पोहोचतो की नाही हे विचारण्याचा हक्क आपला आहे. तो आपण बजावावा, एवढीच विनंती.